शेगडी कोणी बंद केली

आई आमच्याकडे कायमची राहायला आली ती एका अटीवर. बाबा गेल्यानंतर नागपूरच्या घराला कुलूप लावायचं म्हणून आवराआवर करताना, माझ्याकडे न बघता, कपाटातल्या साड्यांच्या घड्या घालत ती म्हणाली होती, "येते मी सिंगापूरला. पण स्वयंपाक माझ्याकडे राहील. जावयाच्या घरी नुसती बसून खाणार नाही मी."

आयुष्यभर महानगरपालिकेच्या शाळेत मुलींना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवणारी, स्वतःच्या पेन्शनवर जगणारी माझी आई. पण लेकीकडे राहायचं म्हटलं की तिच्यातली बाईच बोलते, शाळेतल्या बाई बोलत नाहीत. मी एकुलती एक. लेकराचं म्हणून दुसरं घर तिला नव्हतं. मी अट मान्य केली, माझ्या नवऱ्यानं तर आनंदानं केली, कारण त्याला आयती भाकरी मिळणार होती.

माझीही एक अट होती, ती मी बोलून दाखवली नाही. घरात गॅस नको. बाबांचा विसरण्याचा आजार गॅसपासूनच सुरू झाला होता. आधी चहा करपला, मग पातेलं जळालं, मग एकदा बटण चालू आणि जाळ नाही असा गॅस घरभर पसरला. पुढची काही वर्षं आईनं जे सोसलं ते तिनं मला फोनवर कधी नीट सांगितलं नाही. शेवटी शेवटी बाबा तिला "बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील" असं म्हणायचे. त्यानंतर आईला एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती भीती काय होती ते आम्हा दोघींनाही न बोलता माहीत होतं.

म्हणून सिंगापूरच्या हौगांग भागात आम्ही जुना फ्लॅट घेतला आणि आतलं काम नव्यानं करून घेतलं, तेव्हा मी इंडक्शनची शेगडी बसवली. महागातली, ओट्यात बसणारी, काळ्याभोर काचेची. कंत्राटदार वुडलँड्सचा, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. कशालाही "नो प्रॉब्लेम, सिस्टर" म्हणणारा माणूस. जो माणूस कशालाच प्रॉब्लेम म्हणत नाही त्याच्यापासून लांब राहावं, हे मला आता कळलं आहे.

आईनं त्या काचेकडे बराच वेळ बघितलं. "जाळ कुठं आहे हिचा?"

"जाळ नसतोच. बोट लावलं की आकडा येतो. एक म्हणजे मंद, नऊ म्हणजे जोरात."

"म्हणजे आतमधी काय चालू आहे ते आपल्याला दिसणार नाही."

"नाही."

"बरं," आई म्हणाली. तिची नागपूरहून आणलेली ॲल्युमिनियमची पातेली या शेगडीवर चालेनात, तेव्हा तिनं फ्रिजवरचं एक चुंबक काढलं, पर्समध्ये टाकलं आणि मला घेऊन टेक्का बाजाराच्या बाजूला भांडी घ्यायला गेली. दुकानातल्या प्रत्येक पातेल्याच्या बुडाला चुंबक लावून बघत होती. दुकानदार आधी वैतागला, मग तोच शिडीवर चढून वरची भांडी काढून द्यायला लागला. भाकरी जाळावर फुगवता येईना, तर तिनं तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायची युक्ती काढली. कुरकुर म्हणून नाही. तेव्हा कोणी असं म्हणू नये की म्हातारीला नवं यंत्र जमलं नाही.

फक्त एक सवय तिनं बदलली नाही. मंद आचेवर काही ठेवलं की ती तिथं थांबत नाही. दूध आटवायला ठेवते आणि निघून जाते. कपडे खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालते, कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी देते, पेपर वाचते आणि बरोबर वेळेला परत येते. ती वेळ तिला कशी कळते ते तिलाच ठाऊक. दुधापाशी उभ्या राहणाऱ्या बाईला ती नवशिकी समजते. मागच्या वर्षी भाड्याच्या घरात गॅसवर तिनं वैशाख पौर्णिमेची खीर अशीच केली होती. इथली आमची बौद्ध मराठी मंडळी त्या दिवशी एका कॉन्डो सोसायटीच्या फंक्शन रूममध्ये जमतात, वंदना होते, मग खीर. आईची ती गुलाबीसर खीर खाऊन एका बँकवाल्या गृहस्थांनी तिला वाकून जयभीम केला होता. "पुढच्या वर्षीही खीर आईंचीच," असं तेव्हाच ठरलं. त्यानंतर कितीतरी दिवस आई या घरात ताठ मानेनं वावरत होती.

आता माझ्या डोक्यात तिडीक जाते ती इथून पुढं.

एके संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर आई जेवणाच्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. ओट्यावर डाळ अर्धी कच्ची. शेगडीची काच काळी, आकडा नाही, काही नाही.

"मी लावली होती गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "लावली होती ना मी?"

माझी मुलगी अभ्यासातून मान वर न करता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी फरगॉट, लाह. नेव्हर माइंड."

पोरीच्या मनात काही नव्हतं. पण आईला इंग्रजी येतं. तिनं उठून डाळ परत लावली. नंतर हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं तेव्हा कळलं, हे पहिल्यांदा झालं नव्हतं. दूध आटवायला ठेवावं आणि येऊन बघावं तर कोमट, वर साय धरलेली. दर वेळी तिनं गुपचूप पुन्हा बोट लावलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. बाबाही सुरुवातीला असंच लपवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर नवरा हळूच म्हणाला, "आईंना एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या का? लवकर कळलेलं बरं असतं." मी त्याला चारचौघांत सुनावलं. मराठीत, त्यामुळे आजूबाजूच्यांना फक्त सूर कळला. तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून राग जास्त आला.

गाडी पाया लेबार स्टेशनला पोहोचेपर्यंत मी ठरवून टाकलं की शेगडीच खराब आहे. पुरावा काही नव्हता. पण हिशेब सोपा होता: शेगडी नादुरुस्त निघाली तर माझी आई शाबूत. शेगडी ठणठणीत निघाली तर पुढचा विचारही मला करायचा नव्हता. लोक वस्तू बिघडू नये म्हणून वॉरंटी घेतात. मी माझी नवीकोरी शेगडी बिघडलेलीच निघावी म्हणून जीव टांगणीला लावून बसले होते.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मुलीनं गोड आवाजात माझा पत्ता विचारला आणि मग मला मिस्टर करून कंत्राटदाराच्या नावानं हाक मारली. त्या दिवट्यानं वॉरंटी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरावर नोंदवली होती. म्हटलं, बदला. ती म्हणाली, त्यासाठी कंत्राटदारानंच मेल करायला हवा. त्याला फोन केला. "नो प्रॉब्लेम, सिस्टर." मेल काही गेला नाही. मग दर खेपेला हेच. दुरुस्तीचा माणूस कधी येणार याचा मेसेज वुडलँड्सला, कंत्राटदाराच्या फोनवर जायचा, तो मला कळवायला विसरायचा, आणि माणूस दारात उभा राहायचा तेव्हा मी ऑफिसात. घरी आई एकटी.

गंमत अशी की माझी नोकरी तक्रारींचीच आहे. बँकेत ग्राहकांना जी उत्तरं जातात ती मी तपासते. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत," "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" ही वाक्यं माझ्या हाताखालून दिवसभर जातात. आता तीच वाक्यं मला येत होती. कुठल्या वाक्याचा अर्थ "आम्ही काही करणार नाही" असा असतो ते मला पाठ आहे, त्यामुळे इतर ग्राहकांना निदान आशा तरी वाटते, मला तीही वाटेना. अंगाचा नुसता तिळपापड.

पहिला माणूस आला तेव्हा मी नव्हते. त्यानं पातेलंभर पाणी नऊवर ठेवलं, उकळलं, झालं. आईला मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, "आंटी, हँड वेट, कॅनॉट. हँड ड्राय, कॅन." आईनं त्याला शांतपणे इंग्रजीत पूर्ण वाक्यात विचारलं की शेगडी मंद असताना बंद होते, तर तुम्ही ती मंद करून का बघत नाही. त्याच्या पुढच्या घरची वेळ झाली होती.

दुसऱ्या माणसाच्या वेळी मी रजा काढून घरी थांबले. हा जरा भला होता, दोनवर ठेवून उभा राहिला. चांगला बराच वेळ उभा राहिला. शेगडी इमानेइतबारे चालली. त्यानं पातेलं उलटं करून बघितलं, कंपनीची स्वतःची भांडी वापरा म्हणाला आणि टॅबलेटवर सही मागितली. वर लिहिलं होतं: दोष आढळला नाही, वापरणाऱ्यास समज दिली.

आईनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "वापरणारी म्हणजे मी ना?"

मी सही केली नाही. त्यानं खांदे उडवले आणि सहीच्या जागी एक रेघ ओढली. त्याच्या यंत्रात तेवढ्यानंही भागत होतं.

त्यानंतर आई बदलली. शेगडी लावली की ती पदराला गाठ मारायची आणि बंद केली की सोडायची. विसरू नये म्हणून, शाळेत मुलींना सांगायची तसं. संध्याकाळी मी आले की पदराला कधी एक, कधी दोन सुटायच्या राहिलेल्या गाठी असत आणि ती त्या बोटांनी चाचपत विचार करत बसलेली असे. मग वरण गेलं, उसळी गेल्या, समोर उभं राहून उरकतील असे पोहे आणि ऑम्लेट तेवढे राहिले. एक दिवस तीच म्हणाली, "आज हॉकर सेंटरमधून आणायचं का काही?" बाहेरच्या तयार जेवणाचं हे वाक्य माझ्या आईच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. नवरा आणि मुलगी खूश झाली.

मग तिनं वैशाख पौर्णिमेचा विषय काढला. "खिरीचं यावेळी दुसऱ्या कोणाला तरी सांग. आणि मी जरा नागपूरला जाऊन येते म्हणते."

"किती दिवस?"

"बघू."

"तिथं कोण आहे तुझं?"

"तिथं गॅस आहे," आई म्हणाली आणि हसली. "निदान दिसतो तरी." तिथं ती एकटी असताना काही झालं तर ते बघायला कोणी नसेल, हेच तिला हवं होतं. मला ते स्पष्ट दिसत होतं. तिला लेकीच्या घरी ओझं व्हायचं नव्हतं, आणि वेड लागताना तर लेकीच्या डोळ्यांदेखत नव्हतंच लागू द्यायचं.

मी जुना फोन शोधला. तिखट-मसाल्यांच्या डब्यांच्या रांगेत उभा केला, चार्जरला लावला, कॅमेरा थेट काचेवर. आईला म्हटलं, "तू पूर्वीसारखं दूध ठेव आणि निघून जा. पूर्वीसारखंच. कपडे वाळत घाल, पेपर वाच, मुळीच इकडं फिरकू नको." पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सोफ्यावर बसून तो कंटाळवाणा व्हिडिओ पुढं पुढं ढकलत होते. दूध, आकडा, दूध, आकडा. आई येते, ढवळते, जाते. मग कोणी नाही. ओट्यापाशी चिटपाखरूही नाही. आणि आकडा विझला.

मी किंचाळलेच. आईला ओढून आणलं, दाखवलं. तिनं चष्मा पुसून तीनदा बघितलं. "हे आजचंच आहे ना?" मग म्हणाली, "ही पाहा, मी तर तिकडं खिडकीत आहे. माझा हात दिसून राहिला." कोपऱ्यात, बांबूवर चादर टाकणारा तिचा हात खरंच दिसत होता. नवऱ्यानं आईची माफी मागितली, तीही अशी की आधी तिला कळलंच नाही कशाबद्दल.

व्हिडिओ कंपनीला पाठवला. उत्तर आलं, पॅनेल कोरडं ठेवावं. मी ऑफिसच्या पँट्रीत उभी होते, हातातला कप आदळला. मग मात्र मी माझ्या धंद्यातलं एकच वाक्य लिहिलं, ज्याला प्रत्येक तक्रार विभाग घाबरतो: तुमचा अंतिम निर्णय, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावासह, लेखी कळवा. बाकी एक शब्द नाही. त्याच दुपारी फोन आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली.

तिसरा माणूस शनिवारी आला, आणि मंद आचेवर शेगडी किती वेळ चालते ते बघायचं असं वरून सांगूनच पाठवलेला. आईनं दूध ठेवलं. तो स्टुलावर बसून फोनवर क्रिकेट की फुटबॉल बघत राहिला. मी उभी. दूध आटतंय, शेगडी चालतेय. मी मनातल्या मनात त्या काचेच्या हातापाया पडत होते, बंद पड गं बाई, आजच्या दिवस बंद पड. आई तर म्हणायलाही लागली होती, "चालून राहिली गं, जाऊ दे, त्याला सोड." तेवढ्यात आकडा गेला. मी टाळी वाजवली. तो माणूस दचकून उठला.

आतला पंखा मंद आचेवर फिरतच नव्हता. आत तापलं की शेगडी स्वतःला वाचवायला बंद व्हायची. बस, एवढंच. एका टीचभर पंख्यानं माझ्या आईला वेडं ठरवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. मी त्याला म्हटलं, आता रिपोर्टमध्ये लिही की वापरणाऱ्याची चूक नव्हती. त्यानं टॅबलेटवर वरखाली शोधलं. "तसा ऑप्शन नाही, मॅडम." जुना शेरा खोडता येतो का? तोही येत नव्हता. पंखा मागवावा लागणार होता, तो कधी येणार याचा मेसेज वुडलँड्सला गेला. पुढचं सांगत नाही, उगाच रक्तदाब वाढतो. पंखा एकदाचा बसला, वैशाख पौर्णिमा तोंडावर असताना.

खीर आईनंच केली. नागपूरचं तिकीट काढलं नाही. त्या सकाळी घरभर वेलचीचा वास होता आणि शेगडी सुतासारखी सरळ चालली. पण आई तिथून हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती नवशिक्या बाईसारखी दुधापाशी उभी होती, पदर हातात धरून. मी म्हटलं, "आई, आता सुधारली ती. जा, पेपर वाच." ती म्हणाली, "हो, जाते," आणि गेली नाही. खीर मंडळींनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. नेहमीसारखी गुलाबी झाली होती. आई हसली, जयभीम घेतले, घरी येऊन पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना मी डब्यांमागचा फोन काढायला हात घातला.

"राहू दे," आई म्हणाली.

"आता कशाला? शेगडीचं तर कळलं ना."

"शेगडीचं कळलं," ती चहा गाळत म्हणाली. "आता माझ्यासाठी राहू दे. बाबांच्या वेळी आपल्याला फार उशिरा कळलं. तू संध्याकाळी बघत जा. मला सांगायचं, लपवायचं नाही."

मी वाद घातला, चिडले, पंख्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन चार्जरला लावला.

दुपारी कंपनीचा मेसेज आला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, एक ते पाचमध्ये गुण द्या. असे मेसेज मीही तपासते. मी तो तसाच ठेवला.

संध्याकाळी सोफ्यावर बसून व्हिडिओ लावला. आई आली, बोट लावलं, आकडा आला, डाळ ठेवली. ढवळली. उभीच राहिली. डाळ शिजल्यावर तिनं शेगडी बंद केली, फडक्यानं काच पुसली. मग वर कॅमेऱ्याकडे बघितलं, गाठ सोडलेला पदर दोन्ही हातांनी पसरून मला नीट दाखवला, आणि मला दिसलं असेल याची खात्री होईपर्यंत तसाच धरून ठेवला.